एका वर्षाची पाठ

श्रावस्तीतल्या मेत्तिकेला तीन रात्री झोप नव्हती. काळजी सांगायला जावे तर ऐकणाऱ्याला हसू यावे एवढीशी. तिच्या आठ वर्षांच्या मुलीने, पाटलीने, वेताची एक होडी विणली होती, एक मूल जेमतेम मावेल एवढी. तिला बाहेरून राळ फासली आणि अचिरवती नदीत सोडायची म्हणून घाटावरची सगळी पोरे गोळा केली. मेत्तिकेने आदल्या दुपारी दाभण घेतले आणि होडीच्या तळाला चार भोके पाडून ठेवली. होडी काठालाच, गुडघाभर पाण्यात बुडाली. कुणाला काही झाले नाही. पोरे हसली आणि पांगली. पाटली मात्र घरी येऊन जी गप्प झाली ती गप्पच.

आता सांगावे की न सांगावे? सांगितले, तर ही पोर जन्मभर आईच्या हातचे पाणीसुद्धा वास घेऊन पिईल. न सांगितले, तर पुढे काय, हा विचार तिच्याने पुरा होत नव्हता. चौथ्या दिवशी ती जेतवनाच्या विहारात भगवंतांचा उपदेश ऐकायला गेली. उपदेश संपला, लोक उठले, तरी ही आपली खांबाला टेकून बसलेली. भगवंतांनी विचारले तेव्हा तिने सगळे सांगून टाकले, दाभणासकट.

"भगवन्, आई म्हणून मी बरी की वाईट, एवढंच सांगा," ती म्हणाली. "नाहीतर राहू द्या. मला बहुतेक ठाऊक आहे."

भगवंत म्हणाले, "मेत्तिके, मुलाच्या हातचं काम तू आताच बिघडवलंस असं नाही. पूर्वीही एकदा बिघडवलं होतंस."

"म्हणजे ही खोड जुनीच आहे तर," मेत्तिका म्हणाली, आणि पदर सावरून ऐकायला बसली. तेव्हा भगवंतांनी मागच्या एका जन्मातली हकिकत सांगितली.

वाराणसीच्या गादीवर दृढवर्मा राजा होता त्या काळी बोधिसत्त्वांनी राज्याच्या उत्तर सीमेवरच्या एका गावात, धनुष्ये करणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. गावापुढे अरण्य, अरण्यापलीकडे डोंगर, आणि डोंगरात शत्रूची ठाणी. राजाला तिथे तिरंदाज लागत आणि ते याच गावातून जात. गेलेल्यांपैकी निम्मे परत येत, आणि परत आलेल्यांविषयी फारसे बोलायची गावात रीत नव्हती.

या गावात मुलगा मोठा कधी झाला हे वयावरून ठरत नसे. मुलाने पहिले धनुष्य स्वतःच्या हाताने करायचे आणि कार्तिकातल्या परीक्षेला राजपुरुषासमोर ते कानापर्यंत ओढायचे. धनुष्य टिकले की मुलगा सैन्यात. मोडले तर तीन पावसाळे थांबायचे; कारण दुसरे खोड तोडून ते सावलीत नीट वाळायला तेवढा काळ लागतो, आणि ओल्या लाकडाचे धनुष्य राजाला चालत नसे.

त्या गावात अनुला नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा डोंगरातल्या ठाण्यावर पडला त्याला दोन वर्षे झाली होती. ज्या घरचा तिरंदाज पडला त्या घराने दुसरा द्यावा, अशी राजाज्ञा होती. घरात दुसरा म्हणजे रोहक. वय बारा. दुधाची एक दाढ अजून पडायची होती.

नवऱ्याने जाण्याआधी धामणीचे एक खोड तोडून, उभे फोडून, दोन्ही टोकांना लाख लावून आढ्याला टांगून ठेवले होते. धामणीचे लाकूड लवते पण मोडत नाही. कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि धनुष्याला तेच घेतात. "पोराला होईल," एवढेच तो म्हणाला होता. अनुला रोज त्या खोडाखाली स्वयंपाक करी आणि वर बघायचे टाळी. त्याला भुंगा लागावा असे तिला मनापासून वाटे. पण चूल तिचीच होती, धूर तिचाच होता, आणि धुराने लाकूड असे काही राखले की भुंगा त्याच्या वाटेला गेला नाही.

भाद्रपद लागला तेव्हा रोहकाने खोड खाली उतरवले. आई आणि मुलगा दोघे ते घेऊन बोधिसत्त्वांच्या पडवीत गेले. बोधिसत्त्व तेव्हा पन्नाशीचे होते. कुठलेही लाकूड हातात आले की ते आधी एका टोकाला उजवा डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत, आणि मग बोलत.

"सरळ आहे," ते म्हणाले. "तुझ्या बापाला लाकूड कळत होतं."

"काका, किती दिवसांत होईल?" रोहकाने विचारले.

"घाई असेल तर संध्याकाळपर्यंत काठी होईल. धनुष्याला दोन महिने."

"काठी घरात आहे," रोहक म्हणाला. "आईजवळ असते."

अनुलाला हसू आले, आणि आपण हसलो याचाच लगेच राग आला. ती म्हणाली, "दादा, याला जमेल का हो? याला नीट दात घासायला जमत नाही."

"ते मलाही उशिराच जमलं," बोधिसत्त्व म्हणाले, आणि त्यांनी मुलाच्या हातात सुरी दिली.

साल निघाल्यावर त्यांनी रोहकाला खोडाच्या टोकावरची वर्तुळे दाखवली. "झाड दर पावसाळ्यात अंगावर एक पांघरूण घेतं. हे बघ, एकेक कडं म्हणजे एकेक वर्ष. धनुष्याची जी बाजू शत्रूकडे असते ती पाठ. आपल्याकडची ते पोट. पोटावरून हवं तेवढं तास. पाठीवर मात्र एकच वर्ष राहिलं पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच सुरी खोल गेली आणि खालचं वर्ष उघडं पडलं, तर धनुष्य तिथंच मोडणार."

"मग कुठलं वर्ष ठेवू?"

"वरचं पातळ आहे. त्या साली पाऊस नव्हता. उपाशी वर्षावर भार टाकू नये, ते काढून टाक. त्याच्या खालचं भरलेलं आहे, ते घे."

ते उपाशी वर्ष उतरवायला रोहकाला अकरा दिवस लागले. जीभ दातांत धरून तो काम करी. पडवीतली बाकीची पोरे, ज्यांची धनुष्ये आकाराला आली होती, येताजाता त्याला छेडत. "रोहक्या, धनुष्य करतोस की पाळणा?"

"पाळणा झाला तर पहिला तुलाच निजवीन," रोहक मान वर न करता म्हणे.

मुठीच्या वर चार बोटांवर लाकडाला एक गाठ होती. गाठीपाशी वर्ष टेकडीसारखे वर उचलले जाते, आणि सुरी सरळ चालवली तर टेकडीचा माथा कापला जातो. "नवशिके इथंच फसतात," बोधिसत्त्व म्हणाले. "गाठीपाशी चीर दिसली की समजायचं, करणाऱ्याचा हात हलला." रोहकाने सुरी ठेवून दिली आणि शिंपल्याच्या धारेने त्या एका गाठीभोवती दोन दिवस खरवडत बसला.

अनुला रोज दुपारी त्याचे जेवण घेऊन येई आणि तो जेवेपर्यंत खांबाशी बसे. बघणाऱ्याला वाटे, विधवा बाई, बसली आहे बिचारी. ती एकेक शब्द ऐकत होती. धनुष्य कसे टिकते हे रोहक शिकत होता. ते कशाने टिकत नाही हे ती शिकत होती.

आश्विनात धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवे लागले. त्याला सैल दोरी बांधून वीतभर खाली ओढायचे, मागे सरायचे, आणि त्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकतात का पाहायचे.

"कुठला हात ताठ आहे?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"डावा."

"मग डाव्याच्या पोटावरून काढ. जो वाकतोय त्याला हात लावू नकोस. तो आपलं काम करतोय."

रोहक सुरीचे चार फटके मारी, ओढून पाही, पुन्हा चार फटके. रोज ओढ थोडी वाढे. एका दुपारी धनुष्य दोन्हीकडे अगदी सारखे वाकले आणि पडवीतले सगळे क्षणभर काम थांबवून बघत राहिले. पाळणा म्हणणारा पोरगाही. रोहकाचे कान लाल झाले.

अनुलाने ते पाहिले. तिने ताटलीवरचे फडके उगाच नीट केले आणि विचारले, "दादा, समजा मोडलं. तर काय होतं हो?"

"तीन पावसाळे," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांची नजर धनुष्यावरच होती. "दुसरं खोड, पुन्हा वाळवणं. मुलगा पंधराचा होईल."

तिला हवे होते ते उत्तर मिळाले. ते अर्धेच उत्तर आहे हे तिला कळले नाही, आणि सांगणाऱ्यालाही नाही. गावातल्या पुरुषांना उरलेले अर्धे इतके ठाऊक होते की ते कुणी बोलून दाखवत नसे. आणि बायका कधी धनुष्य ओढत नसत. अनुलाच्या डोळ्यांपुढे मोडणे म्हणजे चुलीत घालायची काटकी गुडघ्यावर मोडणे. कट् आवाज, आणि दोन तुकडे पायाशी.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. राजाच्या कामाचे शस्त्र जाणूनबुजून बिघडवणाऱ्याचा उजवा हात तोडत. मागच्या परीक्षेला एका बापाने मुलाच्या धनुष्याची दोरी आतून अर्धी कापून ठेवली होती. तो गावातच होता. त्याची बायको त्याला घास भरवी, आणि मुलगा तर डोंगरावर गेलाच होता. तेव्हा जे करायचे ते दिसता कामा नये.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रोहक नदीवर गेला असताना अनुलाने धनुष्य मांडीवर घेतले. तेल पिऊन ते गव्हाळ झाले होते. तिने पाठीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच वर्ष, कुठे खळगा नाही, कुठे पायरी नाही. बारा वर्षांच्या पोराने हे केले. तिला अभिमान वाटला आणि त्या अभिमानापाठोपाठ भीती वाटली, कारण हे धनुष्य काही मोडणारे नव्हते.

तिने सुरी घेतली आणि गाठीपाशी, आडवी, दोन बोटे लांब आणि एका वर्षाइतकी खोल अशी चीर पाडली. गाठीपाशी अशासाठी, की तिथली चीर नवशिक्याची समजतात; कुणी आईकडे बघणार नाही. मग तिने चिरेत मेण आणि काजळी भरली, वर तेलाचा हात फिरवला, सुरी धुतली, आणि खीर करायला घेतली.

रोहक ओल्या केसांनी आला. "खीर? आज कुठला सण?"

"सणच लागतो का? बस."

"उद्या मी गेलो की तुला एकटीला खीर करायचा कंटाळा येईल," तो तोंड भरून घेत म्हणाला. "तेव्हा आजच दोनदा वाढ."

तिने दोनदा वाढली. तिसऱ्यांदाही वाढली.

परीक्षा गावाबाहेरच्या माळावर झाली. वाराणसीहून आलेला राजपुरुष झाडाखाली आसनावर बसला होता. त्याने यंदा एक निरोप आणला होता: ज्या आचार्याच्या सगळ्या शिष्यांची धनुष्ये टिकतील त्याला राजशस्त्रागाराचा मुख्य धनुष्यकार म्हणून वाराणसीला न्यायचे. सीमेवरच्या कारागिराला याहून मोठे काही मिळण्यासारखे नव्हते. बोधिसत्त्वांचे त्या वर्षी सात शिष्य होते आणि लोक त्यांना आधीच निरोप देऊ लागले होते.

राजपुरुषापुढे एक चटई अंथरली होती. चटईवर ठेवलेले धनुष्य न ओढता परत नेता येत नसे. आचार्याने चटईवरून एकेक धनुष्य उचलायचे, ज्याचे त्याच्या हातात द्यायचे, आणि मुलाने ते कानापर्यंत ओढायचे. सहा मुलांनी ओढले. सहा टिकली. पाळणा म्हणणाऱ्या पोराची आई बायकांच्या रांगेत ओक्साबोक्शी रडली आणि तिला बाकीच्या बायकांनी गप्प केले.

बोधिसत्त्वांनी सातवे उचलले. सवयीने त्यांचा अंगठा पाठीवरून गेला आणि गाठीपाशी थांबला. मेणाची जागा लाकडापेक्षा जराशी मऊ लागते. त्यांनी नखाने किंचित दाबून पाहिले. मुलाचा हात हलला असता तर चीर लाकडाच्या रेषेबरोबर तिरकी गेली असती. ही आडवी होती आणि भरलेली होती.

त्यांनी मान वर करून बायकांच्या रांगेकडे पाहिले. अनुलाच्या चेहऱ्यावर काय होते कुणास ठाऊक, पण त्यांना आणखी काही विचारावे लागले नाही.

अनुलालाही कळले की त्यांना कळले. तिने नकळत उजवा हात पदरात लपवला. आता ते सांगतील, तिला वाटले. आणि सांगितले तर चुकीचे काय?

बोधिसत्त्वांनी मनात म्हटले, ‘चीर आहे असे मी बोललो तर राजपुरुष मेण खरवडून पाहील, आणि एका बाईचा हात जाईल. गप्प राहून धनुष्य मुलाच्या हातात दिले तर ते त्याच्या तोंडावर फुटेल. चटईवरून परत तर नेता येत नाही. बाईचा नाही, मुलाचा नाही, तर तिसरा हात इथे माझाच आहे.’

ते म्हणाले, "महाराज, या धनुष्याची पहिली ओढ मी घेतो."

राजपुरुष म्हणाला, "पोराच्या हाताला काय मेंदी लावली आहे? सहा जणांनी आपापली ओढली."

"बिनबापाचा मुलगा आहे. बापाच्या जागी मी ओढतो. मुलानं ओढायचं ही रीत आहे, पण राजाज्ञा धनुष्य ओढायचं एवढंच म्हणते."

"पण काका, माझं आहे ते!" रोहक पुढे आला. "मी ओढणार!"

"मागं हो," बोधिसत्त्व म्हणाले. इतक्या कोरड्या आवाजात ते त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. "आणखी मागं. दहा पावलं."

झाडाची सावली सरकली होती आणि राजपुरुषाला ऊन लागत होते. त्याने हात हलवून परवानगी दिली. अनुला पाहत होती आणि दहा पावले मागे का, हे तिला समजत नव्हते.

बोधिसत्त्वांनी बाण लावला, चेहरा जमेल तेवढा वळवला, आणि दोरी कानापर्यंत ओढली. अर्धवट ओढता आली असती, पण मग ते पुढे मुलाच्याच हातात फुटले असते; तसे त्यांनी केले नाही. धनुष्य पूर्ण वाकले आणि फुटले. आवाज काटकीचा नव्हता. वरचा अर्धा भाग पायाशी पडला नाही. तो दोरीसकट उलटा आला, ओढणाऱ्याच्या तोंडावर, जिथे एरवी रोहकाचे तोंड असते.

बोधिसत्त्व गुडघ्यांवर बसले. उजव्या डोळ्यावर धरलेल्या बोटांमधून रक्त मनगटावर उतरले. दुसऱ्या हाताने त्यांनी दोन्ही तुकडे चाचपून जवळ ओढले आणि काखेत धरले.

"माझ्या हातात मोडलं," ते म्हणाले. "माझ्या पडवीत झालेलं काम आहे. जबाबदारी माझी."

"तीन पावसाळे पोरगा घरी," राजपुरुष उठत म्हणाला. "आणि आचार्य, तुमचं वाराणसीचंही राहिलं. एका डोळ्याचा धनुष्यकार काय करायचा?"

"खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाले.

त्यांचा उजवा डोळा गेला. लाकडाला लावून सरळपणा पाहायचा तोच डोळा. काही महिने त्यांनी डाव्याने काम करून पाहिले. धनुष्ये एका बाजूला कललेली होऊ लागली. शिष्य दुसऱ्या गावच्या आचार्याकडे गेले. पडवीत ते कुऱ्हाडीचे दांडे करू लागले, कारण दांडा थोडा वाकडा असला तरी झाड पडते.

अनुलाला तीन पावसाळे मिळाले. पण ज्याच्यासाठी मागितले होते तो मिळाला नाही. परीक्षेच्या माळावरच रोहकाने बोधिसत्त्वांच्या काखेतला एक तुकडा पाहिला होता, गाठीपाशी मोडलेला. घरी येऊन तो एवढेच म्हणाला, "माझी सुरी घसरली असणार. गाठीपाशी. मला कळलंच नाही." त्यानंतर त्याने सुरी हातात घेतली नाही. भाजी चिरायला सांगितली तर उठून जाई. पडवीवरून जावे लागू नये म्हणून नदीवर लांबच्या वाटेने जाई. कुणी छेडले तर उत्तर देत नसे, आणि मग छेडायचेही बंद झाले. खीर केली तर एकदाच वाढून घेई आणि तीही ताटात ठेवी.

चीर गाठीपाशी पाडताना अनुलाने एवढेच पाहिले होते की दोष आपल्यावर येऊ नये. तो मग कुणावर जाईल याचा विचार तिला शिवलाही नव्हता. हुशार होती ना ती. सगळे ऐकून शिकली होती.

वर्ष सरत आले. पुढच्या भाद्रपदात एके सकाळी ती बोधिसत्त्वांच्या पडवीत गेली आणि त्यांच्यासमोर उजवा हात पुढे करून बसली.

"दादा, हा घ्या. राजाला द्या नाहीतर तुम्ही तोडा. माझ्याच्याने आता याने घास उचलवत नाही."

बोधिसत्त्व दांडा तासत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला. "तुझा हात घेऊन मी काय करू? माझ्याजवळ दोन आहेत."

"तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं."

"हो."

"मग मला शिव्या का नाही दिल्यात? वर्षभर मी रोज वाट बघितली."

बोधिसत्त्वांनी मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "तू विचारलं होतंस. ‘मोडलं तर काय होतं?’ मी म्हटलं, तीन पावसाळे. मोडलेलं धनुष्य कुठं जातं हे मी सांगायला हवं होतं. ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं म्हणालो असतो तर तू सुरीला हात लावला असतास का?"

अनुलाला रडूही येईना. आपण मागायला आलो ती शिक्षा, आणि हा माणूस स्वतःचीच चूक शोधून काढून बसला आहे.

"माझ्या डोळ्याचं माझं मी बघितलं," बोधिसत्त्व म्हणाले. "पण त्या पोराच्या हातात काही खोट नव्हती. ते त्याला ठाऊक नाही."

"सांगितलं तर तो मला आई म्हणणार नाही."

"कदाचित."

"आणि पुन्हा धनुष्य करायला बसला तर? दोन पावसाळ्यांनी निघून गेला तर?"

"तेही होईल कदाचित," बोधिसत्त्व म्हणाले. "मी तुला त्यातलं काहीच होणार नाही असं सांगू शकत नाही, अनुला. एकदा अर्धं उत्तर दिलं, तेवढं पुरे."

ती घरी गेली. रोहक अंगणात, भिंतीकडे तोंड करून बसला होता, हल्ली बसे तसा. ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली, कारण समोरून सांगायचे बळ तिच्यात नव्हते. तिने सगळे सांगितले. सुरी, गाठ, मेण, काजळी. कशासाठी ते सांगितले नाही. ते सांगितले तर माफी मागितल्यासारखे होईल, आणि तो हक्क आपला नाही असे तिला वाटले. रोहकाने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

इथवर सांगून भगवंत थांबले. मग जन्मांचा सांधा जुळवत ते म्हणाले, "मेत्तिके, त्या वेळची अनुला ती आज तू. त्या वेळचा रोहक म्हणजे तुझी पाटली. सातव्या धनुष्याची घाई झालेला तो राजपुरुष आज तुमच्या नदीघाटावर जकात घेतो, आणि त्याला अजून ऊन सोसत नाही. तो धनुष्यकार मीच होतो. दुसऱ्याने भीतीपोटी केलेला घाव आपल्या अंगावर घ्यायचा, आणि त्याचं नाव कुणापाशी काढायचं नाही, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी मी ती पुरी केली."

मेत्तिकेने हात जोडले. पण ती उठली नाही.

"भगवन्, कोण कोण होतं ते कळलं," ती म्हणाली. "क्षांतीही कळली, माझ्याच्याने व्हायची नाही, पण कळली. मला एवढंच सांगा, तो मुलगा पुढं काय म्हणाला?"

भगवंत म्हणाले, "तो म्हणाला, ‘म्हणजे माझं धनुष्य चांगलं झालं होतं, आई?’"